डाव्या हाताला समुद्र

जबलपूरला समुद्र नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, तेव्हा एवढं विधान मी थोड्याफार अधिकारानं करू शकतो. नकाशावर हव्या त्या बाजूनं पट्टी लावून बघा, समुद्र आमच्यापासून शेकडो मैल लांबच निघतो. पण आमच्या कांचघर वस्तीच्या मागे, रेल्वेलाइनला लागून जे मोकळं मैदान आहे, त्याच्या डाव्या हाताला समुद्र आहे असं आमच्या मेश्रामकाकांचं म्हणणं आहे. या विषयावर आमचे बरेच वाद झाले आणि त्यातला एकही मला जिंकता आलेला नाही.

मी या वस्तीत नवीनच राहायला आलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी भाजी घेऊन लाइनीच्या कडेकडेनं घरी येत होतो. लांबून कोणीतरी हाक मारली, "भाऊ, जरा इकडे सरका. समुद्रात चालून राहिले तुम्ही."

मी खाली बघितलं. पायाखाली रेल्वेची खडी होती. वर बघितलं तर खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे, डोक्याला मफलर आणि हातात लोखंडी काठी असे एक पासष्टीचे गृहस्थ माझ्याकडे काळजीनं बघत होते. सकाळच्या वेळी हातात लोखंड असलेल्या माणसाशी वाद घालू नये, म्हणून मी गुपचूप बाजूला सरकलो. तेवढ्यात मागून धडधडत एक मालगाडी गेली. गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, "भरती. पंधरा मिनिटं लेट हाय आज."

हे मेश्रामकाका. तेव्हा मला वाटलं, माणूस थोडा सरकलेला दिसतो. आता दोन वर्षांनी मी ते 'थोडा' काढून टाकलं आहे.

काका इथल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. वडील भंडाऱ्याकडून कामाच्या शोधात आले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. पुढे राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही मराठी माणसं इकडेच राहिलो. काकांनी छत्तीस वर्षं टेबलावर वाकून नटबोल्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्याची ड्रॉइंगं काढली. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी असायच्या. एकीत 'ड्रॉन बाय', दुसरीत 'चेक्ड बाय'. काढणाऱ्यानं स्वतःच तपासायचं नाही, हा नियम. हा नियम काकांच्या अंगात इतका भिनला आहे की घरच्या किराणा सामानाची यादीसुद्धा ते लिहितात आणि काकू सही करतात. "चेक्ड बाय नसलं तं ड्रॉइंग कशाचं, मास्तर? नुसता कागद," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणतात. एकदा मी त्यांना माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका दाखवली, तर त्यांनी ती उलटसुलट करून विचारलं, "हे कोणी चेक केलं?" आणि खरोखरच मुहूर्ताची वेळ चुकली होती.

कारखान्याच्या साहेब लोकांचं एक गोल्फचं मैदान होतं. नऊ होलचं. त्याचा नकाशा काढायचं काम काकांच्या वाट्याला आलं. सहा महिने हा माणूस मोजणीची साखळी आणि झेंड्या घेऊन त्या मैदानात फिरला. कुठून चेंडू मारायचा, कुठे पडला तर दंड, शेवटी कोणत्या भोकात घालायचा, सगळं त्यांना पाठ झालं. खेळायला मात्र एकदाही मिळालं नाही, कारण फाटकावर 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी होती आणि ती पाटीही काकांनीच रंगवून दिली होती. हे सांगताना ते हसतात. अक्षरं किती सुबक आली होती, हेही न विसरता सांगतात.

मग त्यांची एकुलती एक मुलगी वंदना नर्स होऊन स्कॉटलंडला गेली आणि समुद्रकाठच्या एका गावात तिनं संसार थाटला. तिच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे गोल्फचं मैदान, आणि मैदानाच्या डाव्या हाताला समुद्र. शेकडो वर्षांपूर्वीचं मैदान म्हणे. एका पत्रात वंदनानं बापाला गंमत म्हणून तिथलं स्कोअरकार्ड पाठवलं. पुढच्या बाजूला आकडे लिहायचे रकाने, मागे अठरा होलचा नकाशा. आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं की हे मैदान सार्वजनिक आहे, कोणीही यावं आणि खेळावं.

ती ओळ काका पोस्टमनला, दूधवाल्याला, आणि मला तर किमान पन्नास वेळा वाचून दाखवत आले आहेत. "पब्लिक हाय, मास्तर. इतकं जुनं, आणि पब्लिक. कोणाले विचारावंच नाही लागत."

पुढे जे झालं ते फक्त ड्राफ्ट्समनच करू शकतो. काकांनी तो नकाशा भिंगाखाली धरला, ट्रेसिंग पेपरवर मोठा केला आणि एकास चार या प्रमाणात आमच्या मैदानावर उतरवला. साखळी लावून, खुंट्या ठोकून. रेल्वेलाइन म्हणजे समुद्र. तिथलं चर्च म्हणजे आमची पाण्याची टाकी. तिथला ओढा म्हणजे आमचा नाला, त्यात फरक एवढाच की तिकडच्या ओढ्यात मासे असतात. तिथे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आहेत, इथे बेशरमीची झुडपं आहेत. चेंडू अडकवणारे वाळूचे खड्डे खणावे लागले नाहीत, विटा थापणाऱ्यांनी ते आधीच करून ठेवले होते.

आता मैदान चौपट लहान झालं, पण चेंडू तर तेवढाच लांब जाणार. यावर काकांनी तोडगा काढला की फटकासुद्धा एकास चार मारायचा. हात कमरेच्या वर न्यायचेच नाहीत. कबाड्याकडून आणलेली ती गोल्फची सात नंबरची काठी कमरेपर्यंत उचलून ते असा टिचकीवजा फटका मारतात की लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा गवतातला विंचू उडवतो आहे. मी एकदा म्हटलं, काका, एखादा तरी मोकळा मारा ना. ते इतके दुखावले की मला माफी मागावी लागली. स्केल मोडणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच.

सतरा होल नुसत्या मातीची आहेत. त्यात डालड्याचे डबे पुरलेत. अठरावं होल मात्र काकांच्या घराच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येतं, आणि त्याभोवतीचा गोल शेणानं सारवलेला आहे. ती कल्पना काकूंची. तिकडे म्हणे गोलातलं गवत गालिच्यासारखं कापतात, तर आपल्याकडे निदान अंगण तरी नीट असावं. आधी त्या स्वतः सारवायच्या. मग त्यांना हृदयाचं दुखणं लागलं, वाकायचं नाही, चढायचं नाही, दमायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि सारवणं काकांवर आलं. ते पट्टी लावून सारवतात. काकू खिडकीतून सूचना देतात, "वंदूचे बाबा, तो कोपरा राहिला." गोलाला कोपरा कुठून येणार, असं काका पुटपुटतात आणि तिथे पुन्हा हात फिरवतात.

वंदना दर पत्रात, दर फोनवर एकच म्हणायची. बाबा, आई, या. तिकीट मी पाठवते. डॉक्टरांनी काकूंच्या विमानप्रवासाला साफ नकार दिला. तेव्हा काकूंनी ठरवलं की काकांनी एकट्यानं जायचं, महिनाभर राहायचं, लेकीला भेटायचं, खरा समुद्र बघायचा आणि त्या खऱ्या मैदानावर खेळून यायचं. महिनाभर सोबतीला भंडाऱ्याहून बहीण येईल. काका नाही म्हणाले. काकूंनी बोलणं टाकलं. काकांनी चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी एक अट घातली. तिकडे जाऊन हसं करून घेणार नाही. इथे अठरा होल शंभर फटक्यांच्या आत पूर्ण केली की त्याच आठवड्यात तिकिटासाठी फोन करीन.

काकूंनी ते कागदावर घेतलं. काकांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात अट लिहिली गेली, खाली 'ड्रॉन बाय' काका आणि 'चेक्ड बाय' काकू. तो कागद स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावलेला आहे. याला चार वर्षं झाली. शंभरच्या आत काका अजून एकदाही आलेले नाहीत.

मी या प्रकरणात शिरलो तो मार्कर म्हणून. गोल्फमध्येही आपलं कार्ड आपणच मंजूर करायचं नसतं, सोबतच्या माणसाची सही लागते. हे कळल्यावर काकांना या खेळाबद्दल जो आदर वाटला, तो कायमचा. माझ्याआधी हे काम दुबेजी करायचे. रिटायर्ड रेल्वे गार्ड, त्यामुळे समुद्राशी त्यांचं जुनं नातं. रोज सकाळी फाटकातून विचारायचे, "मेश्राम जी, आज पानी कितना है?" पण ते पाचव्या होलनंतर टाकीच्या सावलीत बसून डुलक्या घ्यायचे आणि काका जो आकडा सांगतील त्यावर सही करायचे. काकांना हे सहन होईना. "आकडा बरोबरच होता, मास्तर. पण तपासला कोठे त्यांनी?" मी रिटायर झालो, रविवारी मोकळा असतो, आणि पेपर तपासण्यात जन्म गेलेला, म्हणून माझी नेमणूक झाली.

दर रविवारी सकाळी सातला आम्ही निघतो. त्यांच्या हातात काठी, माझ्या हातात पेन्सिल. मैदानात तीन शेळ्या असतात, त्यांना काका 'प्रेक्षक' म्हणतात. एकदा फटक्याआधीच काठी गवताला लागून चेंडू तीळभर हलला. मी बघितलं नव्हतं, शेळ्यांनीही बघितलं नव्हतं. काकांनी स्वतःहून सांगितलं, "एक वाढवा." मी म्हटलं, राहू द्या हो. त्यावर ते थांबले, मफलर सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाले, "कागदावर खोटं नाही लिहायचं, मास्तर. बाकी काही चालते." त्या दिवशी बरोबर शंभर झाले. त्या एका फटक्यानं विलायत हुकली.

मला फार वाईट वाटलं. खरं सांगतो, त्यांनी जावं असं मला मनापासून वाटायचं. त्यात थोडा स्वार्थही होता. एकदा खरा समुद्र बघून आले की परत येऊन ते रेल्वेलाइनला रेल्वेलाइन म्हणतील, अशी माझ्यातल्या भूगोलाच्या मास्तरला आशा होती.

तयारीत काही म्हणजे काही कसूर नव्हती. तिकडे समुद्राचा ओला वारा तोंडावर येतो आणि काठीवरची पकड सुटते, असं वंदनानं कळवलं. झालं. काका माझ्या स्कूटरवर मागे काठी घेऊन बसले आणि आम्ही भेडाघाटला गेलो. धुआंधार धबधब्याच्या कठड्याशी, जिथे तुषार अंगावर येतात, तिथे हा माणूस वीस मिनिटं डोळे मिटून काठी धरून उभा राहिला. सहलीला आलेल्या एका कुटुंबातल्या बाईंनी मला हळूच विचारलं, "भैया, इनको क्या हुआ है?" मी म्हटलं, "गोल्फ." बाईंनी चुकचुकून मान हलवली आणि मुलांना पुढे नेलं.

त्याच फेरीत त्यांनी तिथल्या संगमरवराच्या कारागिराकडून एक चेंडू घडवून घेतला. वंदना पाठवायची ते चेंडू मोजकेच, मग घरचाच का नसावा, हा विचार. कारागिरानं अंगावरच्या खळग्यांसकट हुबेहूब चेंडू केला. पहिल्याच फटक्याला चेंडू हातभर सरकला आणि झणका काकांच्या कोपरापर्यंत गेला. आठ दिवस ते डाव्या हातानं जेवले. तो चेंडू काकूंनी उचलला आणि मागच्या खिडकीत पडदा अडवायला ठेवला. वाऱ्यानं पडदा सारखा पुढे यायचा, आता येत नाही. काका म्हणतात, संगमरवर वाया गेला नाही.

आता त्या रविवारबद्दल सांगतो. गेल्या माघातला. हवा इतकी स्तब्ध होती की टाकीवर बसलेल्या कावळ्याचं पीससुद्धा हलत नव्हतं. काका सुरुवातीपासून असे खेळत होते की मी पेन्सिल धरूनच राहिलो. नाला एका फटक्यात पार. विटांच्या खड्ड्यात चेंडू गेलाच नाही. दहाव्या होलनंतर मी मनात बेरीज करायला लागलो. पंधराव्यानंतर ती बेरीज दोनदा तपासून बघितली. सतरावं होल संपलं तेव्हा कार्डावर ब्याण्णव होते.

अठरावं होल सोपं आहे. चार फटक्यांचं. सात लागले तरी नव्याण्णव. मी तिथल्या तिथे काकांना विमानात बसवलं, वंदनाच्या दारात उतरवलं, काकूंच्या बहिणीला भंडाऱ्याहून बोलावून घेतलं. काका चेंडू ठेवत होते. समोर नव्वद पावलांवर सारवलेला गोल दिसत होता, मागे घर. मी म्हटलं, "काका, घाई नका करू."

काकांनी घाई केली नाही. पाय रोवले. घराकडे एकदा बघितलं. मग काठी उचलली, ती कमरेपाशी थांबली नाही. खांद्याच्या वर गेली. चार वर्षांत न मोडलेलं स्केल मोडून त्यांनी चेंडू असा पूर्ण ताकदीनं हाणला की तो डावीकडे वळून लाइनीच्या पार पलीकडे गेला.

"समुद्रात," काका म्हणाले. "एक दंड लिहा."

दुसरा चेंडू काढला. पुन्हा हात खांद्याच्या वर, पुन्हा लाइनीपलीकडे. तिसराही तसाच. चौथा मात्र कमरेपर्यंतच काठी उचलून अलगद मारला. तो सरळ गेला. मग आणखी एका फटक्यात गोलात पोचले आणि भोकापाशी दोनदा नीट चुकून तिसऱ्यांदा आत टाकला. अठराव्या होलचे अकरा. एकूण एकशे तीन.

"वारा होता," काका म्हणाले.

मी आकडा लिहून कार्ड खिशात ठेवलं. आम्ही हरवलेले चेंडू शोधायला लाइनीकडे गेलो, पण गाडी येत होती म्हणून अलीकडेच उभे राहिलो. मालगाडी लांबलचक होती. एकेक डबा जाताना मला मागचे सगळे रविवार आठवत गेले. दर वेळी सतरा होल ठीक, आणि अठरावं भोवायचं. मला वाटायचं, शेवटी बिचाऱ्याचा धीर सुटतो. हिशेब मी दोन वर्षं तपासत होतो आणि पेपरातली मुख्य चूकच मला दिसली नव्हती. गाडी गेली. मी विचारलं, "काका, मुद्दाम मारून राहिले ना तुम्ही?"

काका रुळांकडे बघत म्हणाले, "तिची बहीण येईल, मास्तर. चांगली हाय बिचारी. पण हिचा श्वास अडकला तं कोणत्या कुशीवर वळवायचं, उशी कोठे लावायची, ते तिले काय माहीत? ते मलेच माहीत हाय." काठीचं टोक खडीत टेकवून म्हणाले, "हिले इथं सोडून मी समुद्र पाहून करू काय?"

"मग तसं सांगा ना काकूंना."

"सांगितलं होतं. तं रडली. म्हणे, माझ्या पायी तुम्ही अडकले, लेकीचं घरही नाही पाहिलं तुम्ही. आता तसं नाही म्हणत. आता म्हणते, तुम्हाले खेळताच नाही येत." ते हसले. "हे बरं हाय. तिले कळू नका देऊ."

कागदावर खोटं लिहायचं नाही, म्हणून हा माणूस चार वर्षं खरोखर चुकीचे फटके मारत होता. मी कार्ड काढलं. एकशे तीनचा आकडा खरा होता, एकेक फटका माझ्या डोळ्यांदेखत झालेला होता. मी मार्करच्या जागी सही केली.  ते लाइन ओलांडून चेंडू शोधायला गेले आणि मी नेहमीप्रमाणे चहाला घरात गेलो.

काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून आलं किसत होत्या. "किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे तीन."

"अच्छा," त्या म्हणाल्या. आलं पातेल्यात टाकलं. मग आवाज बदलू न देता विचारलं, "आज तिन्ही तिकडेच मारले काय?"

मी तीनबद्दल काही बोललोच नव्हतो. माझी नजर खिडकीकडे गेली. पडदा बाजूला होता, संगमरवरी चेंडूनं नीट अडवून धरलेला. समोर सारवलेला गोल, त्यापलीकडे काका जिथे उभे होते ती जागा, उजवीकडे लाइन, आणि लाइनीपलीकडे बेशरमीत वाकून शोधणारे काका. सगळं स्वच्छ दिसत होतं.

"मले दिसते," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासूनच दिसते. दुबेजी झोपून राहायचे, पण मी इथंच बसते ना रविवारी."

मी विचारलं, "मग तुम्ही म्हणत का नाही काही?"

"पहिल्या वर्षी लय राग आला. म्हटलं, माणूस लेकीकडे जायला भेतो की काय. मग एका रविवारी मारायच्या आधी घराकडे पाहताना पाहिलं मी त्यांना." त्यांनी गॅस बारीक केला. "बोलली तं खेळणं सोडून देतील. दिवसभर माझ्या उशाशी बसून राहतील. आणि जा म्हणणं बंद केलं तं त्यांना वाटेल, मीच म्हणून राहिली थांबा. म्हणून मी आपली म्हणत राहते."

चहा उतू आला, तो त्यांनी फुंकर घालून खाली बसवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खरं सांगू, भाऊ? आता रविवारी मलेच भेव वाटते. आज सतराव्यापर्यंत लय कमी झाले होते ना? तुमचं तोंड पाहूनच समजलं मले. म्हटलं, आज एखाद्या वेळी चुकून आत जातो की काय."

एवढं बोलून त्यांनी पदरानं डोळे पुसले. आल्यामुळे, असं मला सांगितलं.

मागच्या दारी पायांचा आवाज आला. काका चेंडू धुऊन, मोजे झटकून आत आले. दोनच मिळाले होते, तिसरा समुद्रानं घेतला. त्यांनी कार्ड माझ्याकडून घेतलं, बेरीज एकदा पुन्हा केली, माझी सही तपासली, आणि कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला लावलं. त्या खिळ्यावर आता कागदांचा चांगला जाड गठ्ठा झाला आहे.

"जरा प्रॅक्टिस करत जा, वंदूचे बाबा," काकू म्हणाल्या. "लोकं जाऊन येऊन राहिले विलायतेला. तुम्ही आपले तिथंच."

"आज वारा होता," काका म्हणाले.

खिडकीबाहेर दोरीवर काकूंचं लुगडं वाळत होतं. त्याची चूणसुद्धा हलत नव्हती. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग काकांचा कप भरला.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसला मले."

काका कप घेऊन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चहाचा पहिला घोट घेतला आणि रेल्वेलाइनकडे बघत मला म्हणाले, "मास्तर, पाहा, ओहोटी लागली."

मी म्हटलं, हो, लागली खरी.